भाड्याची स्कूटर : सत्ता नगराची की राज्याची?

स्कूटर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बसून चालवायचे वाहन येते. मागे एक माणूस बसेल, पुढे पायाशी भाजीची पिशवी मावेल, असे. आज जिच्याबद्दल चार गोष्टी सांगावयाच्या आहेत ती स्कूटर तशी नव्हे. लहान मुले एक पाय फळीवर ठेवून दुसऱ्या पायाने जमिनीला रेटा देत जी गाडी पळवतात ना, तिचेच हे मोठे भावंड. उभे राहण्यापुरती अरुंद फळी, समोर एक दांडा, दांड्यावर मुठी, पोटात बॅटरी आणि चाकाला जोडलेली छोटी मोटार. बसायला जागा नाही, मागे कोणाला घ्यायची सोय नाही. ती विकत घ्यावी लागत नाही. रस्त्याच्या कडेला उभी असते. मोबाइलवरून तिचे कुलूप उघडायचे, की मिनिटामिनिटाला भाडे चढू लागते. आपले ठिकाण आले की उतरायचे, स्कूटर तिथेच उभी करायची आणि आपल्या कामाला लागायचे.

या 'तिथेच' शब्दात सगळ्या भांडणाचे मूळ आहे. तिथेच म्हणजे कुठे? बहुतेक वेळा फूटपाथवर. आता फूटपाथ कोणाचा, असे विचारले तर तुम्ही लगेच सांगाल की नगरपालिकेचा. बरोबर. पण वाहनांचे आणि रहदारीचे कायदे कोण करते? वरचे सरकार. मग फूटपाथवर आडव्या पडलेल्या वाहनाला शिस्त लावायची कोणी? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हा प्रश्न २०१७ सालापासून चांगलाच गाजला. तिथे काय घडले ते पाहण्याजोगे आहे. वाहन नवे असले तरी भांडण जुने आहे आणि ते आपल्या दारापासून फार लांबचेही नाही.

लॉस एंजेलिसला लागून समुद्रकाठी सांता मोनिका नावाचे शहर आहे. तेथे २०१७ च्या सप्टेंबरात बर्ड नावाच्या कंपनीने अशा स्कूटर रस्त्यावर आणून ठेवल्या. नगराचे म्हणणे पडले की सार्वजनिक जागेवर धंदा मांडावयाचा तर परवाना हवा. कंपनीने आधी गाड्या आणल्या. परवान्याची भाषा मागाहून सुरू झाली. डिसेंबरात नगराने कंपनीवर फौजदारी खटला भरला. २०१८ च्या फेब्रुवारीत तडजोड झाली आणि कंपनीने तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे व रीतसर परवाने घेण्याचे मान्य केले.

पुढच्याच महिन्यात, मार्चच्या अखेरीस, सॅन फ्रान्सिस्कोत बर्ड, लाइम आणि स्पिन अशा तीन कंपन्यांच्या स्कूटर अशाच अवतरल्या. लोकांना त्या आवडल्याही. बसथांब्यापासून कचेरीपर्यंतचा मैल-अर्धा मैल घाम न गाळता जाता येतो, ही काही लहान सोय नव्हे. पण तक्रारीही तितक्याच आल्या. नगरसभेने एप्रिलमध्ये एकमताने नियम केला की परवान्यावाचून अशा गाड्या फूटपाथवर ठेवता येणार नाहीत, आणि जूनच्या आरंभी सगळ्या स्कूटर उचलायला लावल्या. मग नगराने अर्ज मागवले. बारा कंपन्यांनी अर्ज केले. परवाना मिळाला दोघींना, स्कूट आणि स्किप यांना, तोही प्रथम प्रत्येकी ६२५ गाड्यांपुरता. मौज अशी की विचारल्याशिवाय आलेल्या पहिल्या तिघींपैकी एकीलाही त्या खेपेस परवाना मिळाला नाही.

येथवरची हकीगत ऐकून कोणी म्हणेल, झाले की! नगराने नियम केला, कंपनीने पाळला, प्रश्न मिटला. पण तसे नाही. नगराला नियम करण्याचा अधिकार मिळतो तरी कोठून?

या बाबतीत अमेरिकेत दोन विचारपरंपरा आहेत आणि दोन्ही दीडशे वर्षांच्या जुन्या आहेत. १८६८ साली आयोवा राज्याचे न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी असे मत मांडले की नगरपालिका ही राज्याच्या विधिमंडळाची निर्मिती आहे. त्याने दिले तेवढेच तिचे. जे दिले नाही त्यावर तिने हात टाकू नये. तीन वर्षांनी मिशिगनचे न्यायमूर्ती टॉमस कूली यांनी उलट बाजू मांडली. आपल्या गावचा कारभार आपण पाहणे हा लोकांचा मूळचाच हक्क आहे, राज्य तो साफ काढून घेऊ शकत नाही, असे ते म्हणाले. व्यवहारात डिलनसाहेबांचे मत पुष्कळ ठिकाणी चालले, आणि त्याला मुरड घालण्यासाठी अनेक राज्यांनी आपल्या घटनेतच नगरांना काही अधिकार लिहून दिले. कॅलिफोर्निया त्यांतलेच. तेथल्या १८७९ च्या घटनेने नगरांना आपल्या हद्दीत नियम करण्याची मुभा दिली. अट एकच, ते राज्याच्या सर्वसाधारण कायद्याच्या विरुद्ध असता कामा नयेत.

आता वाहनांच्या बाबतीत राज्याचा कायदा काय सांगतो ते पाहू. कॅलिफोर्नियाची वाहनसंहिता म्हणते की हे नियम राज्यभर एकसारखे राहतील आणि स्पष्ट परवानगी असल्यावाचून कोणत्याही नगराने या विषयांवर स्वतःचे नियम करू नयेत. पण त्याच संहितेत मोटार बसवलेल्या स्कूटरच्या प्रकरणात एक दार उघडे ठेवले आहे. स्कूटरची नोंदणी, ती उभी करण्याची जागा, फूटपाथ, सायकलमार्ग आणि स्थानिक रस्ते यांवरील तिचा वापर याविषयी नगराला नियम करता येतात, मात्र ते संहितेला छेद देणारे नसावेत. सांता मोनिका काय किंवा सॅन फ्रान्सिस्को काय, गाड्या ठेवण्याच्या जागेवर बोट ठेवून त्यांना जे करता आले, ते या दारातूनच.

कंपन्यांची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. लॉस एंजेलिस परगण्यात लहानमोठी मिळून ८८ नगरे आहेत. एकाची वेस कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतही नाही. २०१८ च्या जुलैत बेव्हर्ली हिल्स या नगराने सहा महिन्यांपुरती स्कूटरबंदी केली. म्हणजे माणूस निघाला कायदेशीर आणि चौक ओलांडताच झाला गुन्हेगार! प्रत्येक नगराचा वेगळा वेग, वेगळे वय, वेगळा विमा असेल तर गाडी चालवायची तरी कशी? शिवाय नगरसभा म्हणजे काही देवसभा नव्हे. आपल्या वस्तीत परकी माणसे येऊ नयेत म्हणूनही बंदी घातली जाऊ शकते, आणि ओळखीच्या ठेकेदाराला मोकळे रानही दिले जाऊ शकते. तेव्हा राज्याने सगळीकडे एकच नियम करावा, या मागणीत तथ्य आहे.

पण एकच नियम करणाऱ्यापाशी कोण लवकर पोहोचतो, हेही पाहावे लागते. कॅलिफोर्नियात पूर्वी स्कूटरवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला शिरस्त्राण, म्हणजे आपण हेल्मेट म्हणतो ते, घालावे लागे. २०१८ साली राज्याने कायदा बदलला आणि १ जानेवारी २०१९ पासून ही सक्ती १८ वर्षांखालील मुलांपुरतीच ठेवली. या दुरुस्तीला बर्ड कंपनीचे पाठबळ होते. भाड्याच्या स्कूटरचा गिऱ्हाईक हेल्मेट बरोबर घेऊन फिरत नाही, हे कंपनीचे गणित समजण्यासारखे आहे. पण डोके फुटले तर रुग्णवाहिका धावते ती गावातच, आणि निर्णय झाला तो राजधानीत, सॅक्रामेंटोला. त्याच कायद्यात दुसरे एक कलम मात्र शहाणपणाचे होते. ज्या रस्त्यांवर मोटारींना ताशी २५ मैलांहून अधिक वेगाची परवानगी आहे, तेथे सायकलचा वेगळा पट्टा नसेल तर स्कूटर नेऊ नये, असा सर्वसाधारण नियम. पण नगराला योग्य वाटले तर ३५ मैलांपर्यंतचे रस्ते मोकळे करता येतील. म्हणजे कमाल मर्यादा राज्याने आखली आणि तिच्या आत कोणता रस्ता धोक्याचा, कोणता बरा, हे ठरवण्याचे काम तो रस्ता रोज पाहणाऱ्यांवर सोपवले.

नगराच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा मात्र चालवणाऱ्याचा नाहीच. तो पायी चालणाऱ्याचा आहे. पांढरी काठी टेकत जाणाऱ्या अंध माणसाची कल्पना करा. भिंत कोठे, खांब कोठे, पायरी कोठे, हे त्याने वर्षानुवर्षे पाठ केलेले असते. सकाळी जेथे वाट मोकळी होती तेथे दुपारी लोखंडी फळी आडवी पडलेली असते. चाकांच्या खुर्चीतून जाणारीला तर फूटपाथवरून खाली रहदारीत उतरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अशा नागरिकांच्या वतीने २०१९ च्या जानेवारीत सॅन डिएगो येथे फिर्याद दाखल झाली. ती केवळ कंपन्यांवर नव्हती. सॅन डिएगो नगरालाही प्रतिवादी केले होते. ही गोष्ट ध्यानात घ्यावी. गाडी कंपनीची आणि कायदा राज्याचा असला तरी वाट अडली की माणूस नगराला जाब विचारतो. ज्याला जाब द्यावा लागतो त्याच्या हाती नियम करण्याची सत्ता नसेल, तर त्या जाबाला अर्थ काय राहिला?

नियम करायचा तर आधी मोजता आले पाहिजे, हाही त्यातलाच भाग. लॉस एंजेलिसच्या वाहतूक विभागाने कंपन्यांना अट घातली की प्रत्येक गाडी कोठे उभी आहे, कोठून कोठे गेली, याची माहिती नगराला ठरावीक पद्धतीने द्यावी. गाड्या परवान्याहून जास्त आहेत काय, गरीब वस्तीत पुरेशा ठेवल्या आहेत काय, हे त्याशिवाय कळणार कसे? पण गाडी कोठे गेली हे कळले म्हणजे एका परीने माणूस कोठे गेला हेही कळू शकते. दवाखान्यात, देवळात, सभेला. नागरिकांच्या खासगीपणावर हे आक्रमण आहे, असे म्हणून २०२० साली नगरावर दावा लावण्यात आला. संघराज्याच्या अपील न्यायालयाने २०२२ साली नगराच्या बाजूने निकाल दिला. निकाल काहीही असो, शंका खरी आहे. फूटपाथ मोजण्याचा अधिकार नगराचा असला, तरी माणसाच्या खासगी आयुष्याभोवतीचे कुंपण गावागणिक बदलू नये. ते वरच्या कायद्यानेच घालावे हे बरे.

मग कॅलिफोर्नियाने शेवटी काय केले? २०१९ साली विधिमंडळात एक विधेयक आले होते. नगरांनी अशा गाड्यांवर कोणकोणत्या अटी घालू नयेत, हे त्यात सांगावयाचे होते. नगरांनी विरोध केला आणि त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. दुसऱ्या वर्षी जो कायदा झाला, तो निराळ्या वळणाचा. १ जानेवारी २०२१ पासून अमलात आलेल्या या कायद्याने कंपनीला सांगितले की ज्या नगरात गाड्या ठेवायच्या त्या नगराशी करार कर किंवा त्याचा परवाना घे, आणि एका अपघातामागे किमान दहा लाख डॉलर व एकूण पन्नास लाख डॉलरचा विमा उतरव. आणि नगरालाही सांगितले की परवानगी द्यायची तर गाड्या उभ्या करणे, चालवणे, त्यांची देखभाल यांविषयी नियम करावेच लागतील.

या कायद्यातली खुबी अशी की राज्याने नगराची सत्ता काढूनही घेतली नाही आणि 'तुमचे तुम्ही पाहा' म्हणून हात झटकलेही नाहीत. विम्याचा आकडा सगळीकडे एकच, कारण तुटलेल्या हाडाची किंमत नगरानगरांत बदलत नाही. पण गाड्या किती आणि कोठे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. एवढेच नव्हे, तर ते ठरवणे हे नगराचे कर्तव्यच करून टाकले. सत्ता हवी पण उत्तरदायित्व नको, ही पळवाट दोघांनाही ठेवली नाही.

हीच वाटणी दुसऱ्या देशात कशी झाली हे पाहिले म्हणजे मुद्दा अधिक उघड होईल. फ्रान्समध्ये २०१९ च्या ऑक्टोबरात देशाच्या सरकारने नियम केले : वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, फूटपाथवरून चालवायची नाही, आणि चालवणाऱ्याचे किमान वय १२. हे वय २०२३ साली १४ करण्यात आले. डिसेंबर २०१९ च्या दुसऱ्या एका कायद्याने भाड्याच्या गाड्यांना परवाना द्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार नगरांना मिळाला. पॅरिसने २०२० साली तीनच कंपन्या निवडल्या आणि प्रत्येकीला ५,००० गाड्यांची मर्यादा घातली. तरी लोकांचे समाधान होईना. अखेर २ एप्रिल २०२३ रोजी नगराने थेट मतदारांनाच विचारले, भाड्याच्या स्कूटर हव्यात की नकोत? ८९ टक्के मते 'नकोत' अशी पडली आणि ऑगस्टअखेर त्या सगळ्या उचलल्या गेल्या.

आता या कौलाची दुसरी बाजूही पाहा. मतदानाला आले होते केवळ साडेसात टक्के मतदार. जे रोज स्कूटर वापरत ते तरुण बहुतेक घरीच राहिले असावेत. नगराच्या हाती निर्णय दिला म्हणजे तो सगळ्या नगराचा होतोच, असे नाही. आणि आणखी एक गंमत. पॅरिसच्या रस्त्यांवरून स्वतःच्या मालकीची स्कूटर चालवणे या मतदानानंतरही चालूच राहिले. कारण ती चालवायची की नाही हा देशाच्या कायद्याचा विषय. फूटपाथवर धंदा मांडू द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न नगराच्या हातातला होता आणि त्याचेच उत्तर नगराने दिले. सत्तेची रेघ कोठून जाते हे यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या राज्यघटनेत यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांचाही. स्थानिक स्वराज्य हा राज्याचा विषय. आणि १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली तिच्यात रस्ते व पूल हे नगरपालिकांकडे सोपवण्याच्या कामांत घातले आहेत. म्हणजे आपल्याकडे दोघांचे नव्हे, तिघांचे घर आहे. दुचाकी भाड्याने देण्याची योजना केंद्राने १९९७ साली मोटारवाहन कायद्याखाली केली. तिचे परवाने राज्याच्या वाहतूक खात्यामार्फत मिळतात. गोव्याला गेलेल्यांनी भाड्याच्या दुचाकींची काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरे पाहिली असतील. पण ज्या विजेच्या दुचाकीची मोटार २५० वॅटहून कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, ती केंद्राच्या नियमांत बसत असेल तर कायद्याच्या नजरेत मोटारवाहनच नव्हे. तिला ना नोंदणी, ना चालकाचा परवाना. म्हणजे आर. टी. ओ.च्या दारातून ती सुटली. मग तिला विचारणारा उरला कोण? फूटपाथचा मालक, म्हणजे महानगरपालिका.

पुण्याने याची चुणूक पाहिली आहे. २०१७ च्या अखेरीस तेथे भाड्याच्या सायकली आल्या. कल्पना चांगली होती आणि लोकांनी आरंभी स्वागतही केले. पण पुढे मोडतोड झाली, सायकली वाटेल तिथे पडू लागल्या, आणि एकेक कंपनी गाशा गुंडाळून गेली. कंपन्यांचे हे असेच असते. ज्या बर्डने सांता मोनिकात सुरुवात केली तिनेही २०२३ च्या डिसेंबरात दिवाळखोरीसाठी न्यायालयाकडे धाव घेतली. कंपनी जाते, पण फूटपाथ तिथेच असतो आणि त्यावरून चालणारी माणसेही तीच असतात.

तेव्हा उद्या आपल्या गावात अशा गाड्या आल्या आणि 'हा विषय राज्याचा' की 'हा विषय पालिकेचा' असा वाद सुरू झाला, तर कोणाचीही बाजू एकदम उचलून धरू नका. एकेक प्रश्न वेगळा काढून पाहा. ब्रेक कसा असावा, वेग किती, वय काय, विमा किती, प्रवाशाची माहिती कोणी पाहावी : या प्रश्नांचे उत्तर चांद्यापासून बांद्यापर्यंत एकच असायला हवे. ते राज्याने किंवा केंद्राने द्यावे. शाळेच्या फाटकासमोर गाड्या उभ्या करू द्याव्यात काय, बाजाराच्या दिवशी कोणती गल्ली मोकळी ठेवावी, अमुक पेठेत किती गाड्या मावतील : हे मंत्रालयातल्या टेबलावर बसून कळणारे नाही. ते नगराने ठरवावे, आणि ठरवले नाही तर त्याला तसे करायला लावणारा कायदा राज्याने करावा.

आणि या दोहोंपैकी कोणाचेही काम असो, आपले एक काम उरतेच. पालिकेच्या सभेत हा विषय निघेल तेव्हा कंपनीचा माणूस तेथे हजर असेल, याची खात्री बाळगा. काठी टेकत जाणारा शेजारी मात्र तेथे असेलच असे नाही. त्याच्या वतीने दोन शब्द बोलायला तुम्ही जाल ना?